कारखाने वाढले, नोकऱ्या किती वाढल्या?



दिवाळीनंतर एकदा चाकणच्या एका कारखान्याच्या फाटकावर आमची सभा होती. सभा आटोपल्यावर एक गृहस्थ जवळ आले. स्वतः पिंपरीच्या मोठ्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा चाकणला कामाला. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे कात्रण काढून आमच्या हाती दिले. इतक्या हजार कोटींची गुंतवणूक येणार, इतक्या हजार हातांना काम मिळणार, अशी बातमी होती. ते म्हणाले, "भाऊ, हे वाचलं की बरं वाटतं. पण माझ्या पोराला चार वर्षांत तीन कंपन्यांनी बाहेर काढलं, आणि तिन्ही कंपन्या वाढतायत. हे कसं काय?" तेव्हा आम्ही दिलेले उत्तर घाईचे होते. आज ते सवडीने देण्याचा विचार आहे.

आमचे शालेय शिक्षण दहावीवर थांबले. पुढचे काय ते नगर वाचन मंदिरात आणि फाटकावर झाले. तेव्हा अर्थशास्त्राच्या पंडितांनी आमच्या भाषेकडे थोड्या उदारपणे पाहावे.

पुण्यात हा विषय नवा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. देशातले हुन्नर बुडाल्यामुळे माणसे नाइलाजाने जमिनीवर जाऊन पडत आहेत आणि यावर उपाय उद्योगांचा आहे, हा त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता. पुणे मात्र त्यानंतरही बराच काळ पेन्शनर, विद्यार्थी आणि कारकून यांचेच शहर राहिले. १८६९ पासूनचा खडकीचा दारूगोळा कारखाना आणि १८९३ ची राजा बहादूर मोतीलाल गिरणी सोडली, तर मोठे कारखाने फारसे नव्हते. १९३६-३७ च्या सुमारास धनंजयराव गाडगिळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे शहराची घरोघर पाहणी केली आणि १९५४ साली संस्थेने ती पुन्हा करविली. कोणाच्या घरी कोण काय काम करतो आणि त्यावर घर कसे चालते, हा त्या पाहण्यांतला प्रश्न आम्हांला फार शहाणपणाचा वाटतो. आज रोजगाराची चर्चा कारखान्याकडून घराकडे येते. त्यांची घराकडून कारखान्याकडे जात असे.

पुढचा इतिहास बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घडला. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथल्या बाजरीच्या रानांत भूखंड पडले. बजाज आली, टेल्को आली. पिंपरी-चिंचवडला १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका मिळाली. १९८१ साली तेथली वस्ती अडीच लाख होती, ती २००१ साली दहा लाख आणि २०११ साली सव्वासतरा लाख झाली. एवढी माणसे कशाच्या ओढीने आली? पगार हे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण एका शब्दात होते, आणि तो शब्द म्हणजे 'परमनंट'. बँक त्यावर कर्ज देई, वाणी उधारी देई आणि मुलीचा बाप मुलगी देई. लग्न ठरविताना 'पगार किती' याच्या आधी 'परमनंट आहे का' हे विचारले जाते, ते आजही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गुंतवणूक, उत्पादन आणि रोजगार ही तीन वेगवेगळी वजने आहेत. एकाच्या मागोमाग दुसरे वाढेलच असा नियम नाही. समजा एका कारखान्याचे उत्पादन वर्षात शंभरावर दहा वाढले आणि कामावरची माणसे शंभरावर दोन वाढली. उत्पादनाच्या एका टक्क्यामागे रोजगार टक्क्याचा पाचवा हिस्साच वाढला. याला अर्थशास्त्री रोजगाराची लवचिकता म्हणतात. लवचिकता कमी असेल, तर कारखाना दुप्पट होतो आणि शेजारच्या गावाला पत्ताही लागत नाही.

असे का होते हे आम्ही हातांनी पाहिले आहे. १९८८ साली आम्ही भोसरीच्या एका लहान कारखान्यात लेथवर उभे राहिलो, तेव्हा एका लेथमागे एक टर्नर असे. हत्यार घासून धार लावणे, मोजमाप घेणे, सूत तोडणे हे सारे त्याच्या बोटांत होते, आणि मालक त्याला सहजासहजी दुखवीत नसे. आज तेथेच सीएनसी यंत्रे आहेत. प्रोग्रॅम दुसराच कोणी करतो, सेटर जुळवून देतो, आणि ऑपरेटर जॉब लावतो, बटण दाबतो, जॉब काढतो. एका ऑपरेटरकडे दोन-दोन यंत्रे असतात. माल अधिक निघतो आणि अधिक अचूक निघतो, हे आम्ही नाकारीत नाही. यंत्रावर राग धरण्याचे आमचे वय गेले. पण बटण दाबणारा महिन्याभरात शिकतो, म्हणून महिन्याभरात बदलताही येतो. टर्नरचे मोल होते ते इथे गेले.

आणि मग कायद्याची एक खुबी कामास येते. वर्षात २४० दिवस काम भरले की औद्योगिक विवाद कायद्याने कामगाराची सेवा सलग धरली जाई आणि त्याला कमी करताना नोटीस, भरपाई देणे भाग पडे. त्यामुळे सात महिने झाले की 'ब्रेक' द्यावयाचा, ही आमच्या पट्ट्यातली जुनी रीत. आम्हांलाही तो मिळाला होता. मुकादम म्हणाला, "पंधरा दिवसांनी ये." पंधरा दिवसांनी गेलो तर आमच्या लेथवर दुसराच पोरगा उभा! त्याच्याशी भांडण काढण्याऐवजी आम्ही त्याला चहा पाजला, कारण सात महिन्यांनी तोही बाहेर येणार होता. आमच्या युनियनच्या कामाचा आरंभ त्या चहापासून धरावयास हरकत नाही.

तेव्हा ही लबाडी लहान कारखान्यांची समजली जाई. आता ती मोठ्यांची व्यवस्था झाली आहे. वार्षिक औद्योगिक पाहणीप्रमाणे २०२२-२३ साली देशातल्या कारखान्यांतील कामगारांत कंत्राटी कामगार शेकडा चाळिसांहून अधिक होते. शिवाय प्रशिक्षणार्थी निराळे. मध्यंतरी 'नीम' नावाची एक सरकारी योजना होती. आमच्या चाकणच्या पोरांनी 'नावासारखीच कडू' असा तिचा निकाल दिला होता. शिकावयाचे कागदावर, आणि पाळी मात्र पुरी आठ तासांची. ती योजना आता बंद झाली, पण तिच्या जागी दुसऱ्या नावांचे शिकाऊ आले. एकाच लाइनवर एकच नटबोल्ट आवळणारे चौघे चार प्रकारचे असतात: कायम, मुदतीचा, कंत्राटी आणि शिकाऊ. चौघांचा पगार निरनिराळा आणि कँटीनमधले ताटही कित्येकदा निरनिराळे. बातमीत मात्र ते 'चार रोजगार' असतात.

काम कोणत्या गावी जावे हेही बहुधा बाजार एकटा ठरवीत नाही. राज्य सरकारने १९६४ पासून मागास भागांत जाणाऱ्या उद्योगांना सवलती देऊ केल्या. मुंबई-पुण्याबाहेर जाल तितकी सवलत मोठी. हेतू योग्यच होता. त्यातून १९८५ साली बजाजचा कारखाना औरंगाबादजवळ वाळूजला उभा राहिला आणि मराठवाड्याच्या पोरांना घराजवळ काम मिळाले. पण सवलतीने जे येते ते मोठ्या सवलतीने जातेही. उत्तराखंडात अबकारी माफ झाली आणि २००७ च्या सुमारास पुण्याच्या दोन्ही मोठ्या वाहन कंपन्या पंतनगरला पोचल्या. त्याच २००७ मध्ये आकुर्डीत वाहनांचे उत्पादन थांबले. सकाळच्या पाळीला फुलणारा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पुढची काही वर्षे तेथून जाणे अवघड वाटे. जून २०२२ मध्ये आकुर्डीच्याच आवारात विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. वर्षाला पाच लाख गाड्यांची क्षमता सांगितली गेली. आम्हांला आनंद झाला. पण विजेच्या गाडीत इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, कार्ब्युरेटर नाही, आणि हे सुटे भाग करणारी शेकडो लहान वर्कशॉपे भोसरीत व चिंचवडला आहेत. मोठ्या फाटकाचा हिशेब वर्तमानपत्र ठेवते. भोसरीच्या वर्कशॉपांत कोणाचे काम गेले, त्याची बातमी होत नाही.

तळेगावची गोष्ट याहून बोलकी आहे. जनरल मोटर्सने तेथे २००८ साली कारखाना सुरू केला आणि डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद केले. कामगारांचा वाद न्यायालयांत गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी खरेदीचा करार झाला. करारात जमीन होती, इमारती होत्या, काही यंत्रे होती. याच काळात, सप्टेंबर २०२२ मध्ये, तळेगावला येऊ घातलेला वेदांत-फॉक्सकॉनचा चिपचा प्रकल्प गुजरातेत गेल्याने केवढा गहजब झाला! लाखभर नोकऱ्या गेल्या म्हणून सभा झाल्या. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉनने त्या भागीदारीतूनच अंग काढून घेतले. जन्मालाच न आलेल्या लाख नोकऱ्यांसाठी आम्ही सर्वपक्षीय अश्रू ढाळले आणि जन्मून मेलेल्या नोकऱ्यांसाठी त्याच गावातल्या कामगारांच्या मांडवात चार माणसे बसली नाहीत. यात आम्ही युनियनवाल्यांनाही धरतो.

श्रोत्यांतून कोणी विचारील की, परिस्थिती इतकी वाईट असेल तर बेकारीचा दर कमी कसा? सरकारी श्रमबल पाहणीत २०१७-१८ साली तो ६.१ टक्के होता आणि २०२३-२४ साली ३.२ टक्के. आकडे खोटे आहेत असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांचा अर्थ नीट वाचावा लागतो. वर्षभराच्या हिशेबात तीस दिवसांचे दुय्यम काम असले तरी माणूस कामावर धरला जातो. आठवड्याच्या हिशेबात तर सात दिवसांत एक तास काम केलेले पुरते. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला डबा घेऊन उभा राहणारा गवंडी सहा दिवस हात हलवीत परत गेला आणि सातव्या दिवशी त्याला अर्ध्या रोजाचे काम मिळाले, तर त्या आठवड्यापुरता तो बेकार नव्हे. घरच्या वडापावच्या गाडीवर बिनपगारी बटाटे सोलणारी सूनही कामावर आहे. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही, म्हणूनच त्याच्या बेकारीचा दर कमी असतो. काम आहे की नाही हे या दराने कळते. त्या कामावर घर चालते की नाही, हे विचारावयास गाडगिळांप्रमाणे दार ठोठवावे लागेल.

दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. हिंजवडीत, खराडीत संगणकाच्या कामाने मध्यम वर्गातल्या मुलामुलींना जे दिले, ते आमच्या पिढीच्या स्वप्नात नव्हते. त्यांच्यामागे ड्रायव्हर, रखवालदार, डबे पोचविणाऱ्या बाया, धुणीभांडी करणाऱ्या बाया असा मोठा संसार उभा आहे. मात्र संगणकवाल्या पोरीला तडकाफडकी राजीनामा लिहून मागितला, तेव्हा तीही रात्री नऊ वाजता आमच्याच कचेरीत आली. तिच्या टेबलावर वातानुकूलन होते, एवढाच फरक.

आणि चाकणची पोरे येतात कोठून? लातूर, नांदेड, बीड, परभणी, जालना, शिवाय बिहार आणि ओडिशा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले निम्म्याहून अधिक काम करणारे शेतकरी किंवा शेतमजूर होते, आणि राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा मात्र आठव्या हिश्शाच्या आसपास. म्हणजे चाकणचा रोज चाकणला ठरत नाही. मराठवाड्यात सोयाबीन किती आले आणि काय भावाने गेले, यावर तो ठरतो. पाऊस हुकला की अहमदपूरच्या स्टँडवरून पुण्याची गाडी भरून येते, आणि कंत्राटदाराला रोज वाढवावा लागत नाही. रानड्यांच्या काळी माणसे कारखान्यांअभावी जमिनीवर ढकलली जात होती, आज जमीन त्यांना कारखान्यांकडे ढकलते आहे. ती खेडच्या शेतकऱ्याने बांधलेल्या पत्र्याच्या खोल्यांत सहा-सहा राहतात. दिवसपाळीवाले उठले की रात्रपाळीवाले त्याच गादीवर आडवे होतात. परप्रांतीय विरुद्ध स्थानिक हे भांडण लावणाऱ्यांनी एक रात्र त्या खोलीत काढावी. गादी थंड होत नाही, हे दोघांचेही सारखेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. कामगार कमी करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी लागण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. आमचा तिला विरोध आहे आणि तो आम्ही लपवीत नाही. पण त्याच संहितांत दोन कलमे आमच्या उपयोगाची आहेत. मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी मिळावयाची आहे, आणि प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक झाले आहे.

कात्रणवाल्या गृहस्थांच्या मुलाला आम्ही त्याचे नेमणूकपत्र घेऊन बोलावले. तो रविवारी आला आणि त्याने टेबलावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून तीन कंपन्यांचे सात गेटपास मांडले. प्रत्येकावर तारीख पुसट, नाव कंत्राटदाराचे, आणि फोटो त्याचाच. वडिलांनी शेजारी आपले १९८४ चे नेमणूकपत्र ठेवले. ते त्यांनी लॅमिनेट करून घेतले होते.