सांता मारिया देल्ले ग्रात्सिए येथील भित्तिचित्र : दर्शन आणि संवर्धन

प्रस्तावना :
नागपूर परिसरातील महाविद्यालयांच्या अभ्याससहली अजिंठ्यास जातात. चित्रे पाहणे आणि ती टिकविणे यांत विरोध निर्माण होतो काय, हा प्रश्न अशा वेळी उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात इटलीतील मिलान येथील एका प्रसिद्ध भित्तिचित्राच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

चित्र व त्याचे तंत्र :
लिओनार्दो दा व्हिंचीचे ‘द लास्ट सपर’ (अखेरचे भोजन) हे चित्र प्रत्यक्ष चर्चमध्ये नसून लगतच्या डोमिनिकन मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे. मिलानचा अधिपती लुदोव्हिको स्फोर्झा याच्या आश्रयाने ते सुमारे १४९५ ते १४९८ या काळात रंगविले गेले. ओल्या गिलाव्यावर रंग भरल्यास ते भिंतीशी एकजीव होतात. परंतु चित्रकारास झपाट्याने काम उरकावे लागते. सावकाश काम करता यावे म्हणून लिओनार्दोने कोरड्या गिलाव्यावर रंग दिले. परिणामी काही दशकांतच रंगांचे पापुद्रे सुटू लागले.

ऱ्हास व संवर्धन :
१६५२ मध्ये दरवाजा पाडताना ख्रिस्ताच्या पायांचा भाग नष्ट झाला. १९४३ च्या बाँबहल्ल्यात भोजनगृह उद्ध्वस्त झाले. वाळूच्या पोत्यांमुळे चित्राची भिंत वाचली. पूर्वीच्या दुरुस्त्यांत चढविलेले रंगही मूळ चित्रास बाधक ठरले होते. ते दूर करण्याचे काम पिनिन ब्रांबिला बार्चिलोन यांनी दोन दशकांहून अधिक काळ केले. ते १९९९ मध्ये पूर्ण झाले. आज पूर्वनोंदणी केलेल्या लहान गटांनाच, तेही केवळ पंधरा मिनिटे, प्रवेश मिळतो. धूळ व आर्द्रता रोखण्यासाठी प्रेक्षकांना एकामागून एक बंद होणाऱ्या काचेच्या दालनांतून आत सोडले जाते.

अजिंठ्याचा संदर्भ :
अजिंठ्याची चित्रेही कोरड्या पृष्ठभागावरच रंगविलेली आहेत. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून त्यांचे संवर्धन करविले. सुटणारे पापुद्रे स्थिरावले. मात्र त्या वेळी दिलेला लाखेचा लेप पुढे काळवंडला आणि तो काढण्याचे कष्ट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणास घ्यावे लागले. दोन्ही ठिकाणी काळाइतकीच सद्हेतूने केलेली दुरुस्तीही चित्रास भोवली.

निष्कर्ष :
एकदा निखळलेला रंग पुन्हा मूळचा होत नाही. म्हणून उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेयस्कर, आणि प्रेक्षकांवरील मर्यादा हा त्याचाच भाग होय. गुंफेत शिरण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना चित्राचे तंत्र समजावून द्यावे व आत लहान गटाने अल्पकाळ थांबावे. प्राध्यापकांनी एवढे केले, तरी अभ्याससहल संवर्धनास पूरक ठरेल.