नखांची कारागिरी

मनुष्य आपल्या केसांकडे दिवसातून दहा वेळा पाहतो. नखांकडे मात्र ती वाढून टोचू लागली म्हणजेच त्याचे लक्ष जाते. वस्तुतः नख ही मोठी नवलाची वस्तू आहे. गाईचे खूर आणि आपले केस ज्या केराटिन नावाच्या द्रव्याचे बनलेले असतात, त्याच द्रव्याचे नखही बनलेले असते. बोटावर दिसणारा नखाचा भाग निर्जीव असतो. म्हणून तो कापताना वेदना होत नाहीत. परंतु नखाचे मूळ कातडीखाली झाकलेले असून ते सजीव व नाजूक असते. तेथे नवे नख तयार होते आणि जुन्या नखाला हळूहळू पुढे लोटते.

हे लोटणे किती संथ असते, ते विल्यम बीन या अमेरिकन डॉक्टरांनी स्वतःच्याच अंगठ्यावर मोजले. १९४१ सालापासून दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते डाव्या अंगठ्याच्या नखावर, मुळापाशी, कानशीने एक बारीक रेघ ओढीत आणि ती टोकाशी पोहोचण्यास किती दिवस लागतात याची नोंद ठेवीत. हा उद्योग त्यांनी ३५ वर्षे नेटाने चालविला! वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे नख दररोज ०.१२३ मिलिमीटर वाढत होते. ६७ व्या वर्षी तो वेग ०.०९५ मिलिमीटरवर आला. सामान्यतः हाताचे नख मुळापासून टोकापर्यंत नवे होण्यास सुमारे सहा महिने लागतात. नखाच्या मुळाला झालेली इजा म्हणूनच कित्येक महिने दिसत राहते.

आपल्याकडे पूर्वी नाभिक धोपटीतून नराणी काढून गिऱ्हाइकाची नखे काढून देत असे. आता मुंबई-पुण्यासारख्या शहरांत नखांची निगा राखणे व ती सजविणे हा स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. दुरून पाहणाऱ्यास वाटते, नखाला रंग लावण्यात अवघड ते काय? परंतु नवशिक्याच्या हाती रंग पुष्कळ उशिरा येतो. आधी येते ती कानस. ती जोराने पुढेमागे ओढली, तर नखाच्या टोकाचे पापुद्रे सुटतात. म्हणून कडेकडून मध्याकडे, एकाच दिशेने, हलक्या हाताने ती फिरवावी लागते. नखाच्या मुळाशी कातडीची एक बारीक कड असते. ती कापून टाकण्याचा मोह नवशिक्यास होतो. परंतु मळ व जंतू आत शिरू नयेत म्हणून निसर्गाने लावलेली ती जणू चौकट आहे. ती दुखावली तर बोट सुजते, प्रसंगी त्यात पू होतो.

याहून कठीण काम कृत्रिम नख चढविण्याचे. बारीक कुंचला एका द्रवात बुडवून ॲक्रिलिकच्या भुकटीला टेकवितात. त्याबरोबर कुंचल्याच्या टोकाशी एक लहानसा मणी तयार होतो. द्रव जास्त झाला तर मणी ओघळून कातडीवर जातो. कमी झाला तर तो कोरडा पडून नीट पसरत नाही. बरे, विचार करण्यास सवडही नसते, कारण थोड्याच मिनिटांत तो घट्ट होतो. प्रमाण नेमके किती हे पुस्तकात वाचून कळत नाही. ते बोटांनाच कळावे लागते. त्यासाठी शिकणारे आधी कृत्रिम हातावर सराव करतात. मग खरा हात पुढे येतो आणि पुन्हा सारे अडते. कारण खरा हात हलतो, घामेजतो, आणि प्रत्येक बोटाचे नख निराळ्या वळणाचे असते. शिवाय द्रवाची वाफ व नखांची धूळ श्वासावाटे आत जाऊ नये, म्हणून खोलीत हवा खेळती ठेवावी लागते, आणि प्रत्येक गिऱ्हाइकानंतर हत्यारे जंतुनाशकाने स्वच्छ करावी लागतात.

या कारागिरीने काही निराधार कुटुंबांना उभे केले, ती हकीकत १९७५ सालची. त्या वर्षी एप्रिलअखेर व्हिएतनाममधील सायगाव शहर पडले आणि हजारो लोक देश सोडून अमेरिकेत आले. कॅलिफोर्निया राज्यात सॅक्रामेंटो शहराजवळ निर्वासितांची एक छावणी होती. टिपी हेड्रन या चित्रपट अभिनेत्री तेथे मदतीसाठी जात. या स्त्रियांना पोटापुरता एखादा धंदा शिकवावा, या विचारात त्या असताना त्यांच्या सुबक नखांकडे स्त्रिया कौतुकाने पाहू लागल्या. तेव्हा हेड्रनबाईंनी आपली नखे करणाऱ्या बाईंनाच छावणीत बोलावून आणले. वीस स्त्रिया शिकण्यास बसल्या. त्यांत कोणी पूर्वीची शिक्षिका होती, तर कोणी सेनाधिकाऱ्याची पत्नी. भाषा परकी, घरदार मागे राहिलेले, आणि हातात कानस! तरीही त्या शिकल्या, सौंदर्यकलेच्या शाळेत गेल्या, परवाने मिळवून कामाला लागल्या.

पुढे त्यांच्यासारख्या अनेक व्हिएतनामी कुटुंबांनी हा धंदा धरला. बहिणीने बहिणीस, मावशीने भाचीस शिकविले. त्यांनी कमी दरात काम करून दिल्यामुळे एकेकाळची श्रीमंतांची ही चैन सामान्य स्त्रियांच्याही आवाक्यात आली. आज अमेरिकेतील नखांच्या दुकानांत व्हिएतनामी वंशाच्या लोकांचा वाटा फार मोठा आहे.