पुस्तक कपाटात, नियम भाड्याने

तुमच्या मित्रांपैकी कुणी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळत असेल, तर हा वाद तुमच्या कानावर आला असेलच: जाडजूड छापील 'प्लेअर्स हँडबुक' घ्यायचं, की 'डी अँड डी बियाँड'वर ऑनलाइन पैसे भरायचे?

2024 चं हँडबुक 384 पानांचं आहे. 23 किलोच्या बॅगेत संसार बसवून दर वर्षा-दोन वर्षांनी घर बदलणाऱ्या आपल्यासारख्यांना ऑनलाइन सोयीचं वाटणारच. कॅरेक्टर शीट आपोआप भरते, बेरजा चुकत नाहीत. फक्त एक गैरसमज नको. सबस्क्रिप्शन म्हणजे पुस्तकं नव्हेत. ती तिथेही वेगळी विकत घ्यावी लागतात. दरमहा पैसे भरून मिळतात त्या सोयी. त्यातली खरी कामाची 'मास्टर' श्रेणीत आहे: एकाने घेतलेली पुस्तकं अख्ख्या ग्रुपला वापरता येतात.

पण 'विकत' या शब्दातच गोम आहे. छापील प्रत तुमची. मित्राला द्या, सेकंड हँड विका, समासात पेन्सिलीने काहीही खरडा. अमेरिकी कायद्यातल्या 'फर्स्ट सेल' तत्त्वामुळे एकदा विकलेली प्रत पुढे कुणाकडे जावी, हे प्रकाशक ठरवू शकत नाही. डिजिटल प्रतीच्या बाबतीत मात्र तुम्ही घेता ती वापरायची परवानगी. जुन्या ई-बुकांच्या फेरविक्रीला युरोपीय न्यायालयानेही 2019 मध्ये नकार दिला.

मग ही परवानगी टिकते किती? चौथी आवृत्ती बघा. पुस्तकं 2008 ची. तिच्यात पर्याय इतके, की बरेच जण कॅरेक्टर बनवायला सबस्क्रिप्शनवालं ऑनलाइन टूलच वापरायचे. ते चालायचं मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटवर. सिल्व्हरलाइटचे दिवस भरले आणि 1 जानेवारी 2020 ला टूल बंद झालं. पुस्तकं अजून उघडतात.

बंद पडण्यापेक्षा मला जास्त खटकतं ते परस्पर बदलणं. ऑगस्ट 2024 मध्ये जाहीर झालं, की ऑनलाइन कॅरेक्टर शीटवरचे जुने स्पेल्स जाऊन नव्या नियमांचे येतील. म्हणजे तुमचा खेळ अर्ध्यावर असताना! आरडाओरडा झाला आणि काही दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. छापील पुस्तकातलं पान बदलायला मात्र कुणी घरी येत नाही.

गंमत म्हणजे, सबस्क्रिप्शनमुळे खेळाडूंच्या हातातही एक दोरी येते. जानेवारी 2023 मध्ये 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट'च्या नव्या लायसन्सचा जाचक मसुदा फुटला, तेव्हा लोकांनी धडाधड सबस्क्रिप्शन रद्द केली. 27 जानेवारीला कंपनीने मूळ नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये खुला केला. छापील प्रतीचे पैसे एकदा दिले की दिले. ते रद्द करून कुणावर दबाव येत नाही.

तेव्हा नव्याने सुरुवात करत असाल, तर आधी हे फुकटचे नियम वापरून बघा. आवडलं तर ग्रुपमध्ये मिळून एक छापील हँडबुक घ्या, आणि 'मास्टर'चे पैसे फक्त डंजन मास्टरने, तेही मोहीम चालू असेपर्यंतच भरावेत. प्रत्येक लेव्हलनंतर कॅरेक्टर शीटची पीडीएफ तेवढी उतरवून ठेवा.