बिनखताचा वाफा आणि मज्जातंतूंचे आजार

नवे खत बाजारात आले की जाणता शेतकरी ते एकदम सगळ्या रानात टाकीत नाही. भाताच्या एका वाफ्यात टाकतो आणि शेजारचा वाफा तसाच ठेवतो. दोन्हीकडे बी तेच, पाणी तेच, लावणीचा दिवसही तोच. सुगीला दोन्ही वाफ्यांचे भात वेगवेगळे मोजले की खताची खरी किंमत कळते. सगळ्या रानात खत टाकले आणि पीक जोमदार आले, तर ते खतामुळे आले की वेळेवर पडलेल्या पावसामुळे, हे कोण सांगणार?

शेतात आपण पाळतो ती ही रीत आजारपणात मात्र विसरतो. घरात मज्जातंतूंचा चिवट आजार शिरला की 'अमक्याला त्या इंजेक्शनाने गुण आला' एवढ्या बोलण्यावर माणसे जमीन गहाण टाकून दूरच्या शहराची वाट धरतात. म्हणून अशा आजारांवरील उपचारांची पारख कशी होते, हे वाचकांनी नीट समजून घ्यावे.

तारेवरचे वेष्टन

विहिरीवरच्या मोटारीची तार आठवा. आत तांबे असते, वर वेष्टन असते. उंदराने वेष्टन कुरतडले की वीज नीट पोहोचत नाही आणि मोटार अडखळते. आपल्या मज्जातंतूंवरही असेच एक वेष्टन असते. त्याला मायलिन म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढायची सोडून मेंदूतील व मज्जारज्जूतील या वेष्टनावरच उलटते, तेव्हा त्या आजाराला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली त्याचे स्पष्ट वर्णन केले.

एका डोळ्याला अंधुक दिसणे व डोळा हलविताना दुखणे, हातापायांना मुंग्या किंवा बधिरपणा, चालताना तोल जाणे, लघवीवर ताबा न राहणे, फार थकवा येणे, ही त्याची लक्षणे. बहुधा वीस ते चाळीस या वयात तो सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आहे. २०२० सालच्या गणनेप्रमाणे जगात असे सुमारे २८ लाख रुग्ण होते. हा आजार संसर्गाने एकाचा दुसऱ्याला होत नाही. ती कोणाची करणी नव्हे आणि पापाची शिक्षाही नव्हे.

हॉलंडमधील संत लिडविना हिची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. ही मुलगी पंधरा वर्षांची असताना बर्फावर पडली, आणि १४३३ साली मरण येईपर्यंत अंथरुणाला खिळून राहिली. तिच्या चरित्रातील वर्णनावरून तिला हाच आजार असावा, असे काही डॉक्टरांचे मत आहे.

आता मुख्य गोष्ट. या आजाराच्या बहुतेक रुग्णांना सुरुवातीला झटके येतात. दृष्टी जाते किंवा पाय लुळा पडतो, आणि काही आठवड्यांनी त्यातले बरेचसे आपोआप सुधारते. पुढे काही महिने किंवा वर्षेही बरी जातात. या बऱ्या दिवसांच्या आधी जो लेप लावला, जे इंजेक्शन घेतले, जो नवस केला, त्याच्या पदरात सारे श्रेय पडते. पाऊस पडतो आणि खताचे नाव होते, तसेच हे. बोलणारा माणूस खोटे बोलत नसतो; पण त्याच्यापाशी बिनखताचा वाफा नसतो.

शेतातून दवाखान्यात

गंमत अशी की डॉक्टरांनी ही रीत शेतीकडूनच उचलली. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. तेथे १९१९ साली फिशर नावाचे गणिती नोकरीस आले. त्यांनी दाखवून दिले की वाफे आपल्या हाताने निवडले तर आवडत्या खताच्या वाट्याला नकळत कसदार वाफा जातो. यासाठी कोणत्या वाफ्याला काय द्यायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे.

पुढे ब्रॅडफर्ड हिल यांनी हीच पद्धत रुग्णांच्या बाबतीत वापरली. त्यावेळी क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध नवे होते आणि ब्रिटनमध्ये ते सर्वांना पुरेल इतके नव्हते. बंद पाकिटांतील चिठ्ठ्यांप्रमाणे ५५ रुग्णांना ते औषध व विश्रांती मिळाली, तर ५२ जणांना नुसती विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ जण दगावले, दुसऱ्यातील १४. हा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला आणि औषधे पारखण्याची दिशाच बदलली.

मल्टिपल स्क्लेरोसिसचा पहिला मोठा लाभ असाच सिद्ध झाला. अमेरिका व कॅनडातील ३७२ रुग्णांपैकी काहींना इंटरफेरॉन बीटाची इंजेक्शने दिली आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कोणाला काय मिळाले ते रुग्णाला माहीत नव्हते. १९९३ साली निकाल आला. औषध नसलेल्या गटात शंभर रुग्णांमागे वर्षाला १२७ झटके आले, तर पूर्ण मात्रेच्या गटात ८४. म्हणजे आजार बरा झाला नाही, पण झटके तिसऱ्या हिश्श्याने घटले. त्यानंतर याहून प्रभावी औषधेही निघाली. आजार समूळ घालविणारे औषध अद्याप नाही. तरी लवकर निदान होऊन उपचार सुरू झाले तर पुढचे अपंगत्व पुष्कळ टळते.

शिरा फुगविण्याची लाट

याच्या उलट झालेली एक गोष्टही सांगितली पाहिजे. २००९ साली इटलीतील फेरारा येथील डॉक्टर झांबोनी यांनी असे मांडले की मानेतील शिरा अरुंद झाल्याने हा आजार होतो, आणि त्या फुग्याने रुंद केल्या तर रुग्ण सुधारतो. त्यांच्या पत्नीलाही हाच आजार होता, म्हणून त्यांच्या तळमळीविषयी शंका नको. बातमी जगभर पसरली. विशेषतः कॅनडातून पुष्कळ रुग्ण पदरचे पैसे खर्चून परदेशी गेले. कोणी पोलंडला गेले, कोणी मेक्सिकोला, कोणी आपल्या भारतातही आले. काहींना बरे वाटले. पण या उपचारानंतर मृत्यू व गंभीर इजा झाल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ साली दिला.

मग कॅनडात १०४ रुग्णांवर रीतसर चाचणी झाली. सर्वांच्या शिरेत नळी घातली, पण फुगा फुगविला तो सुमारे निम्म्यांच्याच. वर्षभराने पाहिले तर दोन्ही गटांत फरक नाही! हा निकाल २०१७ साली जाहीर झाला. त्याच वर्षी खुद्द झांबोनी यांच्या इटलीतील चाचणीचाही निकाल आला आणि तोही तसाच निघाला. हा उपचार करू नये, असे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच लिहिले. आपल्या आशेविरुद्धचे सत्य मान्य करायला मोठे मन लागते.

घराण्यात चालणारे आजार

मल्टिपल स्क्लेरोसिस आईबापांकडून मुलांना थेट मिळत नाही. रुग्णाच्या मुलाला तो होण्याचा संभव शंभरात दोन-तीन एवढाच असतो. पण मज्जातंतूंचे काही आजार खरोखरच रक्ताच्या नात्याने उतरतात. त्यांपैकी एक म्हणजे स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी. यात एक जनुक सदोष असल्याने स्नायू हलविणाऱ्या मज्जापेशी मरतात. तीव्र प्रकारात बाळ मान धरीत नाही, बसत नाही, आणि उपचार न झाल्यास बहुधा दोन वर्षांच्या आत दगावते. आईबाप स्वतः निरोगी दिसतात. दोघांकडेही तो दोष असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याचा संभव चारात एक असतो.

यावर न्युसिनर्सेन या औषधाची चाचणी झाली. औषध मिळालेल्या बाळांपैकी कित्येकांची वाढ पुढे सरकली. औषध न मिळालेल्यांपैकी एकाचीही नाही. हा फरक स्पष्ट दिसताच २०१६ साली चाचणी मुदतीआधीच थांबविली आणि सर्व बाळांना औषध देऊ केले. तुलनेचा गट ठेवणे म्हणजे निर्दयपणा नव्हे. पण उत्तर मिळाल्यावर तो तसाच ठेवणे निर्दयपणाचे झाले असते.

नात्यातल्या लग्नांत असे दोष एकत्र येण्याचा संभव वाढतो. चुलत, मामे किंवा आते भावंडांच्या विवाहाला ख्रिस्तसभेच्या कायद्याप्रमाणे सूट मागावी लागते, हे आपण जाणतोच. घराण्यात असे एखादे बाळ गेले असेल तर ते लपवू नका. लग्नाआधी किंवा पुढच्या गरोदरपणाआधी डॉक्टरांना सांगा. रक्ताच्या तपासणीने पुष्कळ कळते.

पैसे देण्यापूर्वी विचारा

कोणी नवा उपचार सुचविला, तर हे प्रश्न निःसंकोच विचारावे :

१. तुलनेसाठी दुसरा गट होता काय? त्याचे काय झाले?
२. ही चाचणी असेल तर भारताच्या चाचणी नोंदवहीत तिची नोंद आहे काय? ही नोंदवही २००७ साली सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे.
३. नीतिमत्ता समितीची परवानगी आहे काय? संमतीचा कागद आपल्या भाषेत वाचून दाखवतील काय? मधेच बाहेर पडता येईल काय?
४. इजा झाली तर उपचार व भरपाई कोण देणार? २०१९ च्या नियमांनुसार ही जबाबदारी चाचणी करणाऱ्यांची आहे.
५. पैसे का मागता? प्रयोगात भाग घेणाऱ्याकडून प्रयोगाच्या औषधाचे पैसे घेणे योग्य नव्हे.

स्टेम सेलच्या इंजेक्शनांबाबत विशेष सावध असावे. मज्जातंतूंच्या आजारांत ती चाचणीबाहेर उपचार म्हणून विकणे हे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शनानुसार अनैतिक आहे.

लक्षणे दिसली तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मज्जाविकार विभागात दाखवावे. चालू औषध मनाने बंद करू नये. व्यायामोपचार नेमाने करावे. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, धर्मगुरूंना बोलावून तैलाभ्यंगाचा संस्कारही घ्यावा. प्रार्थना आणि औषध यांत भांडण नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता.

आणि शेजारच्या घरात असा रुग्ण असेल तर त्याला नवा उपचार सांगण्याची घाई करण्यापेक्षा त्याच्या भाताच्या कापणीला दोन माणसे पाठवावी. त्या मदतीचा गुण हमखास येतो; त्याला चाचणी लागत नाही.