पाळण्यातले पाय, मैदानातल्या पायऱ्या

बार्सिलोनाच्या काम्प नोऊ स्टेडियममधल्या ड्रेसिंगरूममध्ये २००७ साली एक फोटो काढला गेला. प्लॅस्टिकच्या टबात काही महिन्यांचं बाळ आणि त्याला अंघोळ घालणारा वीस वर्षांचा लिओनेल मेसी. युनिसेफच्या मदतीसाठी निघणाऱ्या कॅलेंडरकरता तो फोटो होता, आणि बाळाच्या घरच्यांचं नाव सोडतीत निघालं होतं. ते बाळ म्हणजे लमीन यमाल. १४ जुलै २०२४ रोजी बर्लिनमध्ये स्पेनने युरो करंडक जिंकला, तेव्हा उजव्या बगलेवर तोच खेळत होता. आदल्याच दिवशी त्याला सतरावं वर्ष पूर्ण झालं होतं.

बाळाचे पाय पाळण्यात दिसतात, असं आपण म्हणतो. पण दिसलेल्या पायांना पायऱ्याही लागतात.

लमीनचे वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. मातारो शहरातली रोकाफोंदा ही स्थलांतरित कष्टकऱ्यांची वस्ती त्याची. ला तोरेता या छोट्या क्लबातून तो २०१४ साली, सातव्या वर्षी, बार्सिलोनाच्या ‘ला मासिया’त आला. मासिया म्हणजे कॅटलान भाषेत शेतावरचं घर. अशाच एका जुन्या घरात १९७९ साली क्लबने होतकरू मुलांचं वसतिगृह सुरू केलं. पुढे इमारत बदलली, नाव तेच राहिलं.

स्पेनमध्ये मुलांचं फुटबॉल शाळेच्या इयत्तांसारखं चालतं. बेंजामिन, अलेविन, इन्फांतिल, कादेते, जुवेनिल असे वयाचे गट असतात. लहान गटांत मैदान छोटं आणि संघ सात जणांचा. गर्दी कमी असली की चेंडू प्रत्येकाच्या पायाशी जास्त वेळा येतो. चेंडू पोचण्याआधी मान वळवून बघायची सवय इथेच लागते. अकरा जणांचा खेळ बाराव्या वर्षाच्या आसपास सुरू होतो. ज्याला आपला गट सोपा जातो, त्याला वरच्या गटात खेळवतात. तिथे थोराड मुलांशी गाठ पडते आणि अंगबळाची उणीव डोक्याने भरून काढावी लागते.

लमीनने शेवटच्या पायऱ्या धावतच ओलांडल्या. २९ एप्रिल २०२३ रोजी प्रशिक्षक झावीने त्याला बार्सिलोनाच्या मुख्य संघात उतरवलं, तेव्हा तो १५ वर्षं २९० दिवसांचा होता. पुढच्याच महिन्यात हंगेरीत तो १७ वर्षांखालच्या मुलांचा युरो खेळला. मोरोक्कोलाही तो हवा होता, पण त्याने स्पेन निवडलं. ८ सप्टेंबरला तिबिलिसीत जॉर्जियाविरुद्ध सीनिअर संघात पदार्पण केलं आणि गोलही मारला. युरो २०२४ला जाताना त्याने शाळेचा अभ्यास सोबत नेला होता. उपांत्य फेरीत फ्रान्सविरुद्ध त्याने लांबून डाव्या पायाने वळवलेला चेंडू खांबाला लागून आत गेला आणि स्पेनने बरोबरी साधली.

या वेगाची काळजीही वाटते. स्पेनसाठी सर्वांत लहान वयात गोल करण्याचा जो विक्रम लमीनने मोडला, तो अन्सु फातीचा होता. फातीही ला मासियाचाच. २०२० साली त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया होत राहिल्या आणि उमेदीचे हंगाम हातचे गेले. गुणवत्ता वयाच्या पुढे धावते, हाडं आणि सांधे मात्र वयाप्रमाणेच पक्के होतात. म्हणून अशा मुलाला कधी बसवून ठेवायचं, हे कळणारा प्रशिक्षक त्याला खेळवणाऱ्याइतकाच मोलाचा.

गोल झाला की लमीन बोटांनी ३०४ हा आकडा दाखवतो. रोकाफोंदाच्या पिनकोडचे ते शेवटचे तीन आकडे. पाय ओळखणारी माणसं पुढे भेटली, पायऱ्याही मिळाल्या. पण ते पाय पहिल्यांदा चेंडूमागे धावले, ते या वस्तीत.