बरेनचा डोंगर चढण्यापूर्वी

आरोग्य आणि अर्थ या सदरात सहलीवरचा लेख कसा काय, असे काही वाचकांना वाटेल. पण एनिसला राहायला आल्यापासून माझ्या प्रकृतीला झालेला सर्वांत मोठा फायदा आणि खिशाला बसलेला सर्वांत मोठा फटका, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच डोंगरात आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्यापैकी बरीच मंडळी संगणकासमोर दिवसाचे आठ-नऊ तास बसून काढतात. मीही त्यांतलाच. आपल्या भारतीय वंशाच्या लोकांना मधुमेह कमी वजनातही गाठतो, हे आता सर्वांना ठाऊक आहे. आठवड्यातून किमान दीडशे मिनिटे दम लागेल असे चालावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही ठाऊक असतो. अडते ते पावसापाशी आणि कंटाळ्यापाशी. मला या दोन्हींतून बाहेर काढले ते बरेनने.

बरेन म्हणजे क्लेअर परगण्याच्या उत्तरेचा चुनखडीचा डोंगराळ प्रदेश. आयरिश भाषेत या नावाचा अर्थच मुळी 'खडकाळ जागा'. एनिसहून निघून एनिस्टायमन, लाहिंच, मोहेरचे कडे, डूलिन, मग आर ४७७ या किनाऱ्याच्या रस्त्याने फॅनोर, ब्लॅक हेड, बॅलीव्हॉन आणि परतताना आर ४८० ने पुलनाब्रोनची अश्मयुगीन दगडी समाधी पाहून कॉरोफिनमार्गे घरी, असा फेरा सुमारे १२० किलोमीटरचा होतो. फेरा याच दिशेने घ्यावा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, त्यामुळे डूलिनहून उत्तरेकडे जाताना समुद्र आपल्याच बाजूला राहतो आणि समुद्राकडच्या थांब्यांवर वळताना समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही. डावीकडे अटलांटिक, पलीकडे अरान बेटे आणि उजवीकडे पायऱ्यापायऱ्यांचा राखाडी डोंगर. आमचे चिरंजीव एरवी गाडीत बसल्या बसल्या झोपतात, पण या रस्त्यावर अजून एकदाही झोपलेले नाहीत.

आता गाडीविषयी, कारण खर्च इथूनच सुरू होतो. भारतातील परवाना देऊन त्याबदल्यात आयरिश परवाना मिळत नाही. थोड्या दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. इथे स्थायिक झालेल्याला मात्र लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, बारा सक्तीचे धडे आणि चाचणी या मार्गानेच जावे लागते. पुण्यात पंधरा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटते. मलाही वाटले होते. पण शिकाऊ परवान्यावर एकट्याने गाडी चालवायला बंदी आहे, सोबत किमान दोन वर्षे पूर्ण परवाना असलेला चालक लागतो. डिसेंबर २०१८ पासून तर अशा माणसाला एकट्याने आपली गाडी चालवू देणारा मालकही गुन्हेगार ठरतो आणि गाडी जप्त होऊ शकते. 'रविवारच्या दिवशी कोण बघतो' असे म्हणून मित्राला किल्ली देऊ नये.

भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी विम्याचा कागद नीट वाचावा. अपघात झाल्यास पहिली ठरावीक रक्कम आपल्या खिशातून जाते आणि ती बरीच मोठी असते. त्या रकमेपुरता वेगळा विमा आधीच बाहेरून घेतला तर काउंटरवर घेण्यापेक्षा सहसा स्वस्त पडतो. मात्र टायर, काच आणि आरसा त्यात येतात का, हे पाहावे. बरेनच्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी दगडी गडगे आहेत आणि समोरून पर्यटकांची मोठी बस आली की आपण गडग्याला चिकटतो. इथे जाते ते आरसा आणि टायरच. ७ फेब्रुवारी २०२५ पासून ग्रामीण स्थानिक रस्त्यांची वेगमर्यादा ८० वरून ६० किलोमीटर झाली आहे. किनाऱ्याचा रस्ता स्थानिक नसून प्रादेशिक वर्गातला आहे, पण तिथे साठने जाणेही अनेक वळणांवर धाडसाचेच आहे. गाडी नसेल तर एनिसहून मोहेर व डूलिनमार्गे गॉलवेला जाणारी ३५० क्रमांकाची बस आहे.

आता डोंगर. इथली उंची ऐकून आपल्या सह्याद्रीतल्या माणसाला हसू येते. माझे वडील नाशिकचे. ब्रह्मगिरी, सप्तशृंगी त्यांनी पायी केलेले. उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले असताना आम्ही त्यांना ब्लॅक हेडला नेले. तिथला डोंगर जेमतेम तीनशे मीटर. खाली उभे राहून बाबा म्हणाले, ''हा होय तुमचा डोंगर? पांडवलेण्यांवर मी रोज सकाळी जात होतो.'' पायात त्यांचे नेहमीचे कॅनव्हासचे बूट होते. मी काही बोललो नाही, ही माझी पहिली चूक.

सह्याद्रीचा कातळ आणि हा खडक यांत मोठा फरक आहे. आपला बेसाल्ट हा लाव्हाचा, घट्ट. बरेनची चुनखडी सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ उबदार समुद्राच्या तळाशी साचली. हिमयुगात हिमनद्यांनी तिच्यावरची माती खरवडून नेली आणि मग पावसाने काम सुरू केले. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होते आणि चुनखडीला भेगांमधून विरघळवत जाते. त्यामुळे फरशी घातल्यासारखे सपाट दगड आणि दोन फरश्यांच्या मध्ये वीतभर ते हातभर रुंदीच्या उभ्या चिरा अशी रचना झाली. चिरा कुठे गुडघाभर, कुठे त्याहून खोल. त्यांच्यात ओल आणि आडोसा असतो, म्हणून सारी झाडेझुडपे तिथेच उगवतात. मे महिन्यात निळे जेन्शियन फुलते तेव्हा कासच्या पठाराची आठवण येते. आर्क्टिककडची आणि भूमध्य समुद्राकडची झाडे इथे शेजारी शेजारी वाढतात. पण तेच गवत आणि नेचे चिरेचे तोंड झाकून टाकतात. आणि पाऊस पडून गेला की ही फरशी साबण लावल्यासारखी होते.

बाबांचा पाय उतरताना अशाच एका झाकलेल्या चिरेत गेला. जुन्या दगडी गोल कोटापासून आम्ही थोडेच खाली आलो होतो. चढताना काही झाले नाही. असे अपघात बहुधा उतरतानाच होतात, कारण लक्ष चहाकडे लागलेले असते. घोटा पाहता पाहता सुजला. बाबांना मधुमेह, वय अडुसष्ट, वारा असा की बोललेले ऐकू येईना. सौ. म्हणाली, ''११२ ला फोन करा.'' आणि मी केला नाही. हेलिकॉप्टर आले तर बिल किती येईल, हा हिशेब माझ्या डोक्यात चालू होता. शेवटी फिरायला आलेल्या दोन आयरिश गृहस्थांनी आपल्या काठ्या दिल्या, घोट्याला पट्टी बांधली आणि आम्ही बाबांना धरून खाली आणले. अर्ध्या तासाच्या वाटेला तीन तास लागले. एक्स-रेमध्ये हाड मोडलेले निघाले, आणि ते पाऊल त्या तीन तासांत टेकवत आणल्याने बरे झाले नाही, एवढे डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले.

ज्या बिलाच्या भीतीने मी फोन केला नाही ते बिल अस्तित्वातच नाही. आयर्लंडमध्ये डोंगरातून सोडवणारी पथके स्वयंसेवकांची आहेत आणि ती पैसे घेत नाहीत. कोस्ट गार्डही घेत नाही. ११२ किंवा ९९९ फिरवून डोंगरावर असल्यास 'माउंटन रेस्क्यू' आणि कड्यावर वा पाण्याजवळ असल्यास 'कोस्ट गार्ड' मागावे. डोंगरावर पोस्टाचा एअरकोड नसतो, म्हणून फोनच्या नकाशावरून अक्षांश-रेखांश कसे वाचायचे ते घरीच शिकून ठेवावे. हा परिच्छेद कापून फ्रिजवर लावलात तरी चालेल.

खरे बिल आले ते पुढे. बाबांचा प्रवासी विमा साठ दिवसांचा होता. नातवाच्या आग्रहाने मुक्काम पंचाऐंशी दिवसांचा झाला, विमानाचे तिकीट बदलले, विमा वाढवायचा राहिला. अपघात मुदत संपल्यानंतर आठव्या दिवशी झाला. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातल्या दोन रात्री यांचे पैसे आमच्या दोन महिन्यांच्या घरभाड्याहून जास्त झाले. इथे राहणाऱ्याला सरकारी रुग्णालयात जी सवलत असते ती भेटीला आलेल्या आईवडिलांना नसते. त्यांना पूर्ण दर लागतो, आणि तो नियम आधीपासून जाहीर आहे.

पालकांसाठी विमा घेताना मुदत तिकिटापेक्षा जास्तच घ्यावी. मुदत चालू असताना ती वाढवता येते, संपल्यावर मात्र भारताबाहेर असलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणे कठीण. साठीच्या पुढच्यांच्या कित्येक पॉलिसींत खोलीचे भाडे, शल्यचिकित्सकाची फी यांवर वेगवेगळ्या मर्यादा घातलेल्या असतात. वरची रक्कम मोठी दिसते, पण हातात पडते ती खालच्या बारीक अक्षरांतली. मधुमेह, रक्तदाब लपवू नयेत. जुना आजार दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारला जातो. एक दिलासा मला पुढे एका सहकाऱ्याकडून कळला. आपण स्वतः भरलेल्या वैद्यकीय खर्चावर आयर्लंडच्या महसूल खात्याकडून २० टक्के करसवलत मिळते, आणि रुग्ण आपल्या कुटुंबातला, एवढेच काय पण नात्यातलाही असावा लागत नाही. विम्याने परत दिलेली रक्कम अर्थातच वगळून. चार वर्षांच्या आत अर्ज करता येतो, म्हणून पावत्या टाकू नयेत.

किरकोळ दुखापतीसाठी एनिसच्या रुग्णालयात इंजुरी युनिट आहे. मुरगळणे, टाके, हाड मोडल्याचा संशय यांसाठी पाच वर्षांवरील सर्वांना तिथे जाता येते. छातीत दुखणे किंवा डोक्याला जबर मार यांसाठी तिकडे जाऊ नये. एनिसचा चोवीस तासांचा आपत्कालीन विभाग २००९ मध्ये बंद झाला, अशा वेळी ११२ आणि लिमरिक. इथल्या रहिवाशाला इंजुरी युनिटमध्ये ७५ युरो लागतात, तर फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी न घेता आपत्कालीन विभागात गेल्यास १०० युरो.

तयारीचे म्हणाल तर घोटा धरून ठेवणारे, खाचदार तळाचे बूट ही एकच वस्तू महाग घ्यावी. बाकी घरचे चालते. दशम्या, गूळ-शेंगदाणे, थर्मासात चहा, आणि मधुमेही माणसाच्या खिशात साखरेच्या गोळ्या. वेळेचा हिशेब मी नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेल्या नियमाने करतो. दर पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. सहा किलोमीटर आणि तीनशे मीटर चढ म्हणजे पावणेदोन तास होतात. बरेनच्या फरशीवर आणि घरची मंडळी बरोबर असताना मी त्याची दुप्पट करतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, हे दुपारी एकला घरातून निघणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. हिवाळ्यातल्या त्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या लोकांना तर इथे वर्षभर ते पूरक म्हणून घेण्याचा सल्ला दिला जातो. डॉक्टरांना विचारून घ्यावे. घरी परतल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड चिकटली आहे का पाहावे. असल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढून काढावी, तेल वा काडेपेटीचे उपाय करू नयेत. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा उठला तर डॉक्टरांकडे जावे, तो लाइम रोग असू शकतो.

मोहेरच्या कड्यांवर, जिथे उंची २१४ मीटर आहे, कुंपण ओलांडून फोटो काढणारे आपलेही लोक मी पाहिले आहेत. कड्यावरून जाणाऱ्या पायवाटेचे मोठे भाग २०२४ मध्ये अपघातांनंतर बंद केले गेले. निघण्यापूर्वी कोणता भाग उघडा आहे ते पाहावे. बरेनचा बराचसा डोंगर शेतकऱ्यांचा आहे. इथे जनावरे हिवाळ्यात डोंगरावर चरतात आणि उन्हाळ्यात खाली येतात, आपल्या कल्पनेच्या उलट. फाटक बंद करावे, गडग्यावरून चढू नये. आणि पडलो तर मालकाकडून भरपाई मिळेल ही आशाही सोडावी. १९९५ च्या कायद्याप्रमाणे फिरायला येणारा बहुतांशी स्वतःच्या जबाबदारीवर येतो. विकलोमध्ये फळीच्या पायवाटेवर पडलेल्या एका बाईंना मिळालेली भरपाई उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केली.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी ब्लॅक हेडच्या वाटेला न जाता कॉरोफिनजवळच्या राष्ट्रीय उद्यानात मल्लामोरला जावे. तिथे रंगीत बाणांच्या आखलेल्या वाटा आहेत. पांढऱ्या बाणाची वाट अर्ध्या तासाची, निळ्याची मल्लामोरवरून जाणारी सुमारे तीन तासांची. प्रवेशाला पैसे नाहीत. गाड्या लावायला जागा कमी, म्हणून उन्हाळ्यात कॉरोफिनहून मोफत बस सोडतात. याच ठिकाणी १९९० च्या दशकात सरकारला मोठे पर्यटक केंद्र बांधायचे होते. स्थानिक लोक न्यायालयात गेले, आणि २००० साली परवानगी कायमची नाकारली गेली. म्हणून तिथे आजही चहाची टपरी नाही, थर्मास विसरू नये.

बाबांचा पाय आता बरा आहे. ते पुढच्या मे महिन्यात पुन्हा येत आहेत. बुटांचे माप त्यांनी फोनवर कळवले आहे, आणि विमा या वेळी तिकिटाच्या आधी काढला आहे, नव्वद दिवसांचा. पांढऱ्या बाणाची वाट फारच लहान आहे, अशी त्यांची आतापासूनच तक्रार आहे.