तीस पौंडांची हिरॉइन

दिसायला सामान्य. उंची कमी. आई-वडील नाहीत, इस्टेट नाही. असा बायोडेटा लग्नाच्या बाजारात कुणी दुसऱ्यांदा उघडून बघणार नाही. शार्लट ब्रॉन्टीने मात्र १८४७ मध्ये नेमकी अशीच मुलगी हिरॉइन केली. तिचं नाव जेन एअर. लेखिकेने स्वतः गव्हर्नेसची नोकरी केलेली होती, पण पुस्तकावर नाव छापलं ‘करर बेल’. बाई की बाप्या, पत्ताच लागू नये!

‘जेन एअर’ला लव्ह स्टोरी म्हणतात. मला ती आधी एका नोकरदार मुलीची गोष्ट वाटते. लोवूडच्या शाळेत जेन सहा वर्षं शिकते, दोन वर्षं शिकवते. पगार वर्षाला १५ पौंड. मग तिला कंटाळा येतो. सल्ला द्यायला कुणी नाही, म्हणून ती स्वतःच पेपरात जाहिरात देते. थॉर्नफिल्डहून ऑफर येते ती ३० पौंडांची. म्हणजे थेट डबल पॅकेज!

तिथला मालक रॉचेस्टर वयाने जवळजवळ वीस वर्षांनी मोठा, पैसेवाला, तऱ्हेवाईक. प्रेम जमतं, लग्न ठरतं आणि साहेब रेशमी कपडे, दागिने घ्यायला निघतात. कुणीही हुरळून जाईल. जेन मात्र अवघडते. लग्नानंतरही मी तुमच्या अडेलला शिकवीन, तेच ३० पौंड घेईन आणि माझे कपडे माझ्या पैशांनी घेईन, असं ती सुनावते. त्या काळी इंग्लंडमध्ये बायकोची कमाई कायद्याने नवऱ्याची असायची. ती तिची स्वतःची ठरायला १८७० चा कायदा यावा लागला.

स्वतःचे चार पैसे असावेत म्हणून ती मदिरातल्या काकांना पत्र लिहिते. गंमत म्हणजे त्याच पत्रामुळे रॉचेस्टरची पहिली बायको जिवंत असल्याचं ऐन लग्नात उघड होतं. तरी माझ्याबरोबर राहा, असं तो विनवतो. जेनचं त्याच्यावर प्रेम आहेच. पण खिशात २० शिलिंग घेऊन ती पहाटे घर सोडते. पुढे डुकरासाठी ठेवलेली लापशी खायची वेळ येते, तरी मागे फिरत नाही.

दुसरा ‘नकार’ मला जास्त अवघड वाटतो. सेंट जॉन हा सज्जन पाद्री तिला बायको म्हणून हिंदुस्थानात मिशनकार्याला न्यायला बघतो. तिला हिंदुस्थानी भाषाही शिकायला लावतो! बहीण म्हणून येईन, बायको म्हणून नाही, असं ती सांगते. वाईट माणसाला नाही म्हणणं तुलनेने सोपं असतं. ‘इतकं चांगलं स्थळ, नाही का म्हणतेस?’ याला उत्तर देणं कठीण.

काकांचे २० हजार पौंड मिळाल्यावर ती तीन भावंडांबरोबर समान वाटून घेते. मग अंध झालेल्या रॉचेस्टरकडे परतते ती स्वतःच्या मर्जीने.

एक गोष्ट मात्र टोचते. माळ्यावर कोंडलेल्या पहिल्या बायकोला, बर्थाला, बोलायची संधीच मिळत नाही. ती १९६६ मध्ये जीन ऱ्हीसने ‘वाइड सारगॅसो सी’मध्ये दिली. एका वीकेंडला जेन वाचा, पुढच्या वीकेंडला बर्था. आणि मग ठरवा, रॉचेस्टरला तुम्ही होकार दिला असता का?